डोक्यावरचा आहेर

बाळाबाईंना धक्का बसला की त्या खाली बसतात. म्हणजे मनानं वगैरे नाही, सरळ देहानं. जिथं असतील तिथं, जे खाली असेल त्यावर. एप्रिलात भोरच्या बाजारात त्यांनी लिंबांचा भाव विचारला आणि पुढच्या क्षणाला त्या लिंबांच्या पाटीशेजारच्या कोथिंबिरीवर होत्या. एसटीच्या पायरीवर बसून त्यांनी अख्खी गाडी अडवली आहे. बँकेत पासबुकाचं मशीन आपोआप पान उलटतं हे पाहून त्या रांगेतच बसल्या, आणि मागच्या लोकांना वाटलं की आता बसून उभं राहायचं असा नवा नियम निघाला, म्हणून तेही बसले.

भाटघरमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे यजमान चिमाजी धरणावर वॉचमन होते. आता निवृत्त होऊन ते फक्त बायकोवर लक्ष ठेवतात. घरात काही बातमी सांगायची असली की चिमाजी आधी पायानं स्टूल पुढं सरकवतात आणि मग तोंड उघडतात. स्टूल सरकण्याचा आवाज आला की बाळाबाईंना धक्क्याची निम्मी तयारी करता येते.

आणि बाळाबाईंना धक्का बसायला फार काही लागत नाही. पन्नाशी उलटून गेली, गोधड्या शिवून शिवून बोटांना घट्टे पडले, एक मुलगी सासरी दिली, एक मुलगा शिरवळच्या कंपनीत लावला, तरी जग त्यांना रोज सकाळी नव्यानं चकित करतं. हा त्यांचा स्वभाव. तो गोड आहे असं सगळे म्हणतात, एक रतनबाई सोडून.

रतनबाई म्हणजे बाळाबाईंच्या विहीण. मुलाची, इंद्रजितची सासू. वेल्ह्याकडच्या. ताठ मानेच्या, कमी बोलणाऱ्या, आणि डोंगरात राहून डोंगरासारख्या न हलणाऱ्या.

इंद्रजित आणि स्नेहलच्या लग्नात रतनबाईंनी विहिणीसाठी डाळिंबी रंगाची एक साडी आणली होती. स्वतः पुण्याला जाऊन, अर्धा दिवस दुकान पालथं घालून. ती साडी, वर खण, त्यावर नारळ असं ताट त्यांनी मांडवात बाळाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि कुंकवाचा करंडा आणायला त्या वळल्या. नेमका तेव्हाच फोटोवाला आला आणि म्हणाला, "मावशी, सकाळपासनं क्यामेऱ्यात कार्डच नव्हतं."

बाळाबाई बसल्या.

कशावर बसल्या हे त्यांना नारळानं कळवलं. रतनबाई करंडा घेऊन वळल्या तेव्हा त्यांना काय दिसलं ते वेगळं सांगायला नको. वऱ्हाडातली पोरं हसली, थोरांनी पदर तोंडाला लावले. रतनबाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. त्यांनी बाळाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि त्या दिवसापासून बाळाबाईंच्या घरचा घास तोंडात घातला नाही.

लेकीला भेटायला त्या यायच्या. ओसरीवर टेकायच्या, पाणी प्यायच्या, करवंदांची पाटी नाहीतर इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवायच्या. जेवायचं म्हटलं की, "आमी खाऊन निघालोय." एकदा शेअर रिक्षावाल्यानं सहज चिमाजींना सांगितलं की तुमच्या इहीणबाई नसरापूरच्या स्टँडवर वडापाव खाऊनच पुढं निघतात, दरवेळी. चिमाजींनी स्टूल सरकवून ही बातमी घरात दिली. बाळाबाई बराच वेळ उठल्या नाहीत. माझ्या घरच्या भाकरीपरीस स्टँडवरला वडा, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

त्यात आता स्नेहलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता. डोहाळेजेवण झालं की रतनबाई लेकीला घेऊन वेल्ह्याला जाणार. विहीण अशीच घुम्यानं गेली, तर नातवंड कधी दिसणार, कुणाच्या मांडीवर आधी बसणार, आणि आजीनं लावलेलं काजळ चालणार का पुसणार, या विचारानं बाळाबाईंना झोप लागेना. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डोहाळेजेवणाला रतनबाईंनी आपल्या घरचा घास खाल्ला पाहिजे. बाकी जेवणावळीत काय वाट्टेल ते होवो.

पण डोहाळेजेवण घरात करायचं नव्हतं. स्नेहलला ते बागेत हवं होतं.

ही बाग म्हणजे घर आणि रस्ता यांच्या मधला तुकडा. पूर्वी तिथं मोठी चिंच होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली आणि अंगण असं उघडं पडलं की घरातल्या घरात लाज वाटावी. स्नेहलनं लग्नानंतर तिथं रंगाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा लावला, अबोली लावली, जुन्या टायरांना पिवळा रंग देऊन त्यांत गुलाब बसवले. बाळाबाईंनी पहिलं वर्षभर या बागेची यथेच्छ टवाळी केली. "ह्यातलं खायचं काय?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. मग एका संध्याकाळी मोगरा फुलला, आणि बाळाबाई त्या वासानं टायरावर बसल्या. तेव्हापासून बाग त्यांची झाली. स्नेहल पाणी घालते, बाळाबाई मालकी सांगतात.

"आत्याबाई," स्नेहल म्हणाली, "हितं झोपाळा बांधायचा, वर असं तिकोनी कापड ताणायचं. बघा की." तिनं मोबाईल पुढं केला. मोबाईलात कुठल्याशा परक्या देशात हिरवळ होती, आणि वर गलबताच्या शिडासारखी पांढरी कापडं तिरकी ताणलेली होती. खाली एक गोरी बाई सरबत पीत होती. तिला घाम आलेला नव्हता. बाळाबाईंना सगळ्यात जास्त तेच पटलं.

भाटघरला मे महिन्यात दुपारी ऊन पडत नाही, ओतलं जातं. धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, उघडी पडलेली जमीन तव्यासारखी तापते आणि तो सगळा ताप वाऱ्याबरोबर गावात येतो. दिवस गेलेल्या पोरीला त्यात बसवायचं म्हणजे सावली हवीच.

भोरच्या मांडववाल्यानं फोनवरच हात वर केले. लगीनसराई होती, त्याच्याकडं स्वतःच्या पोराच्या मुंजीपुरतंसुद्धा कापड शिल्लक नव्हतं. हिरव्या शेडनेटचा विचार झाला. पण शेजारच्या आळीत हळदीला तसली जाळी बांधली होती आणि बाळाबाई स्वतः तिच्याखाली बसून जेवल्या होत्या. नवरी हिरवी, भटजी हिरवे, श्रीखंड पालकाच्या भाजीसारखं. "पिवळी हळद लावली आन पोरगी कारल्यासारखी दिसाय लागली," हे त्या अजून सांगतात.

मग त्या नसरापूरला गेल्या. तिथल्या दुकानात तिकोनी कापड मिळत होतं. दुकानदारानं किंमत सांगितली.

"कापडच हाय नव्हं?" बाळाबाईंनी खात्री करून घेतली.

"कापडच, काकू. पण डिझाईन बाहेरचं हाय. तीन कोपरे."

"तीन कोपऱ्याला एवढं, मग चौथा असता तर काय घर मागितलं असतंत?"

असं म्हणून त्या रंगाच्या बादलीवर बसल्या. सुदैवानं बादलीला झाकण होतं.

घरी येऊन त्या तडक आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली.

त्या ट्रंकेत काय होतं हे समजायला भोर-वेल्ह्याचा आहेर समजावा लागतो. इथं लग्न असो, वास्तुशांत असो, बारसं असो, बाईला साडी मिळते आणि पुरुषाला टॉवेल-टोपी. ही साडी नेसायची नसते. तसं कुणी सांगत नाही, पण कुणी नेसतही नाही. ती ट्रंकेत जाते, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडते. तिथून तिसरीकडं. काही साड्यांनी भोर तालुका एसटीपेक्षा जास्त पाहिला आहे. नियम एकच. जिनं दिली तिला परत द्यायची नाही, आणि तिच्या नजरेलाही पडू द्यायची नाही. कोणती साडी कुणाची हे बायका डोक्यात ठेवतात, आणि त्यात चूक करणाऱ्या बाईचं नाव निघतं.

बाळाबाईंच्या ट्रंकेत या साड्या थरावर थर साचल्या होत्या. मध्येमध्ये डांबराच्या गोळ्या. पोपटी, जांभळ्या, राणी रंगाच्या, आणि एक असा रंग की ज्याला कुणी अजून नाव दिलेलं नाही.

"ह्याच ताणू," बाळाबाई म्हणाल्या.

चिमाजींनी या वेळी स्टूल सरकवलं ते स्वतःसाठी. "आगं, आहेराच्या साड्या? वरती? समद्यांच्या देखत?"

"मग काय झालं? गोधडीत घालतोच की."

"गोधडीत फाटक्या घालत्यात. आन गोधडी अंगाखाली असती. ही डोक्यावर असणार. कुणी वळाखली म्हंजी?"

"गोधडीत साडी गेली की तिचं नाव जातं," बाळाबाई आयुष्यभराच्या अनुभवानं म्हणाल्या. "तीन साड्या एकाला एक जोडल्या की कोण कुणाची वळाखतंय? आन उन्हात वर बघतंय कोण?"

हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

आणि ट्रंकेच्या तळाशी त्यांना ती सापडली. डाळिंबी साडी. बाळाबाईंची आणि त्या साडीची ओळख लग्नात झाली ती पाठीकडून, त्यामुळं काठ कसला, बुट्टा कसला, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. रंग तेवढा ध्यानात होता. आत्ता तो रंग दिसला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तवा हिच्यावर बसले, आता हिला डोक्यावर घेते. बरोबर मधोमध, झोपाळ्याच्या वर, लेकीच्या डोक्यावर आईची साडी. विहिणीचा याहून मोठा मान कुठला?

त्याच संध्याकाळी त्यांनी स्नेहलला आईला फोन लावायला लावला आणि स्वतः शेजारी उभं राहून एकेक शब्द सांगितला. "म्हण, तुझी साडी मधी लावायची हाय. समद्यांच्या वर. म्हण की."

फोनवर रतनबाईंचा आवाज आला. "बरं. येते म्या."

पुढचे काही दिवस बाळाबाईंनी जे काम केलं त्याला तोड नाही, हे त्यांची थट्टा करणारेही कबूल करतात. साड्यांच्या काठाला काठ लावून त्यांनी गोधडीचा धावदोरा घातला, इतका बारीक की जोड शोधावा लागे. कापडाला भोक पाडलं की ते फाटतं, म्हणून कोपऱ्यात चिंचोक्याएवढा गोल खडा ठेवून, वरून कापड मुरगाळून त्याच्या गळ्याला दोरी आवळली. जितका वारा ओढेल तितकी गाठ घट्ट. काही पट्टे घरापासून बांबूपर्यंत तारेवर घेतले आणि तारेत जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या ओवून त्यांना कापड टाचलं, म्हणजे पडद्यासारखं सरकवता येईल. सकाळी उघडं, दुपारी झाकलेलं. उरलेल्या ब्लाऊजपिसांचे तिकोन कापून कडेनं पताका केल्या. चिमाजींनी आपलं धरणावरचं ज्ञान पणाला लावलं. "एक कोपरा वर, एक खाली बांध. वारा धरणावरनं येतो, त्याला वाट पायजे. न्हाईतर समदं घेऊन सारोळ्याला जाईल."

एवढं करून एक साडी उरली. तीही डाळिंबीच होती, पण कडेला चोळामोळा झालेली. ती बाळाबाईंनी बागेच्या टोकाला नळाखालच्या धोंड्यावर, भांडी घासायच्या जागी बांधली. घासणाऱ्या बायकांनाही ऊन लागू नये, हा त्यांचा भला विचार.

सगळं ताणून झालं आणि बाळाबाई रस्त्यावर जाऊन वळल्या. पोपटीला जांभळं, जांभळ्याला केशरी, मधोमध डाळिंबी, सगळं तिरकं, सगळं वाऱ्यानं जरा फुगलेलं, आणि खाली पिवळ्या टायरांवर रंगीत सावल्यांचे तुकडे हलत होते. भोरहून येणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, हॉटेल कधी सुरू झालं? बाळाबाई रस्त्याच्या कडेला बसल्या. स्वतःच्या कामाचा धक्का त्यांना पहिल्यांदाच बसत होता.

डोहाळेजेवणाच्या दिवशी सकाळी चिमाजी नसरापूरला विहिणीला आणायला गेले. परत आल्यावर त्यांनी बाळाबाईंना चुलीमागं गाठलं. स्टूल नव्हतं म्हणून पाट सरकवला.

"वडापाव खाल्ला न्हाई," ते कुजबुजले. "म्या समोर हुतो. गाडा दिसला, त्यांनी बघितलं, आन पुढं चालल्या."

बाळाबाई पाटावर बसल्या. विहीण उपाशी आली होती. विहीण जेवायला आली होती.

रतनबाईंनी आल्या आल्या पायावर पाणी घेतलं, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि झोपाळ्याशेजारच्या सतरंजीवर बसल्या. हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घातलेली स्नेहल झोपाळ्यावर. गावातल्या बायका जमल्या. शेजारच्या फुलाबाई आल्या, ज्यांना प्रत्येक घरातलं सगळं माहीत असतं. त्यांची सून सारिका आली, जिला ते ऐकून ऐकून पाठ झालंय. बागेत गारवा होता. सगळ्या म्हणत होत्या, बाई बाई, कशी सावली केलीस. बाळाबाई पुरणपोळीसारख्या फुगल्या होत्या.

सकाळचं ऊन तिरकं होतं, तोवर वरचं कापड नुसतं रंगीत दिसत होतं. मग सूर्य डोक्यावर आला.

गोधडीत साडी अंधारात असते. ट्रंकेत असते तेव्हाही अंधारातच असते. पण भर दुपारी, मागून मे महिन्याचं ऊन, अशी साडी कुणी ताणून धरली की तिचा बुट्टा न् बुट्टा, काठ न् काठ असा उमटतो की आंधळ्यालाही वाचता यावा. बाळाबाईंनी गावभरचा आहेर असा उजेडात धरला होता.

पहिल्यांदा सारिका बोलली. बिचारी निष्पापपणे म्हणाली, "सासूबाई, ती पोपटी तुमी दिल्ती न्हवं, इंद्रजित भावजींच्या लग्नात? त्ये पोपट बघा की काठावर."

फुलाबाईंनी वर पाहिलं. मग सगळ्यांनीच वर पाहिलं.

"ती जांभळी माझी," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमची कशी? ती म्या तुमास्नी दिल्ती. तुमच्या घरच्या बारशाला."

दोन बायका एकमेकींकडं बघत होत्या आणि मग, जणू दोष तिसरीचाच, दोघींनी बाळाबाईंकडं पाहिलं. आणखी एका साडीला तीन मालकिणी निघाल्या. तिसऱ्या मालकिणीनं हिशेब लावला की ती साडी तिच्या घरून निघून, दोन घरं फिरून, पुन्हा तिच्याच जावेकडून इथं आली आहे, आणि मधल्या दोघींनीही तिला "नवीन घेतली" म्हणून सांगितलं होतं. झाडून सगळ्या बायका माना वर करून बसल्या. पुरणपोळीचं कुणाला भान नव्हतं. बाळाबाई केव्हाच खाली बसल्या होत्या, पण त्यांची नजर एकाच ठिकाणी होती. रतनबाईंवर.

रतनबाई झोपाळ्याच्या वरच्या डाळिंबी साडीकडं बघत होत्या. खूप वेळ.

"ही माझी न्हवं," त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळं तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आसं कसं, इहीणबाई," बाळाबाई पुटपुटल्या. "डाळिंबीच की."

"माझ्या साडीला कोयरीचा काठ हाय. म्या निवडून घेतल्याला. ह्यो रुद्राक्षाचा हाय."

"रुद्राक्षाची माझी," फुलाबाई उत्साहानं म्हणाल्या आणि ताठ बसल्या. आपली साडी मधोमध लागली आहे हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं. "व्हय, माझीच. वास्तुशांतीतली."

रतनबाई उठल्या. मान वर करून, एकेक पट्टा बघत त्या बागेच्या टोकापर्यंत चालत गेल्या. नळाशी थांबल्या. तिथं चोळामोळा झालेल्या डाळिंबी साडीतून ऊन गाळून येत होतं, आणि काठावर एकेक कोयरी अशी स्वच्छ उमटली होती की कुणी आत्ता रेखली असावी. खाली धोंडा, राखेचा डबा, काथ्या, आणि सकाळच्या पुरणाचं पातेलं भिजत घातलेलं.

चोळामोळा कशानं झाला होता हे बाळाबाईंना आत्ता कळलं. हा लग्नातल्या खुर्चीवरचाच चोळामोळा. तो त्यांचा स्वतःचा होता.

त्यांना उठता येईना. दोन डाळिंबी साड्या, त्यातली नेमकी हीच नळावर. फोन करून बोलावून. उपाशी बोलावून.

रतनबाईंनी पदर खोचला. धोंड्यावरचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं. आणि त्या धोंड्यावर बसल्या.

"आये," स्नेहल झोपाळ्यावरून म्हणाली, "तिथं कुठं बसतीस? हिकडं ये."

"जिथं माझी साडी तिथं माझी जागा. इहिणीनंच दावलीया." रतनबाई सरळ समोर बघत होत्या. "तुमचं चालू द्या. म्या बसते हितं. पाणी प्याले की निघते."

बायकांत कुजबुज झाली. सारिका सासूच्या कानाशी लागली. चिमाजी ओसरीवरून पुढं आले आणि काय सरकवावं ते न सुचून तसेच उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, ती साडी काढून मधी लावा. दुसरी म्हणाली, आता लावून काय उपयोग. फुलाबाई म्हणाल्या, माझी काढायची न्हाई हां.

बाळाबाई मात्र खाली बसल्या बसल्या विचार करत होत्या. आयुष्यात त्यांना इतका मोठा धक्का बसला नव्हता, आणि बहुधा त्यामुळंच त्या पहिल्यांदा धक्क्यानंतर उठल्या. घरात गेल्या. एक पाट आणला, एक ताट आणलं. सरळ नळाशी गेल्या आणि रतनबाईंच्या समोर पाट ठेवून त्यावर ताट मांडलं.

त्यांच्या भावकीत डोहाळेजेवणाची पंगत कशी बसते हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पहिलं पान विहिणीचं. मग तिच्या शेजारी लेकीचं. मग तिथून पुढं रांग. विहीण लेकीला पहिला घास भरवते, मग स्वतः घास घेते, आणि ती घेत नाही तोवर पंगतीत कुणी अन्नाला हात लावत नाही. विहीण कुठं बसावी याबद्दल मात्र कुणी कधी काही ठरवलेलं नव्हतं. ती बसेल तिथून पंगत.

"पंगत हितनं," बाळाबाई म्हणाल्या.

फुलाबाईंचा जबडा खाली आला. "नळावर?"

"इहीण जिथं, तिथं. उचला सतरंज्या."

मग जे झालं ते भाटघरच्या बायका अजून सांगतात. सतरंज्या उचलल्या, ताटं उचलली, आमरसाचं पातेलं दोघींनी धरून आणलं. मोगऱ्याच्या डब्यांना वळसा घालून पंगत नळापासून सुरू झाली आणि पिवळ्या टायरांमधून वाकडीतिकडी होत झोपाळ्यापाशी संपली. फुलाबाईंच्या रुद्राक्षाच्या काठाखाली पंगतीचं शेपूट आलं. तिथं बसायला त्या तयार नव्हत्या, म्हणून आपलं ताट घेऊन पुढं घुसल्या. स्नेहल झोपाळ्यावरून उतरली. "आये, सर की जरा," म्हणत ती फुलांच्या दागिन्यांसकट आईच्या शेजारी धोंड्यावर टेकली. दोघींना पुरेल एवढाच धोंडा होता.

"आगं, दगडावर नको बसूस ह्या दिवसांत," रतनबाई चटकन म्हणाल्या आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल घडी करून लेकीखाली सारली. मग आपण बोललो हे ध्यानात येऊन पुन्हा गप्प झाल्या.

वाढप झालं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, भात, कुरडई, आमरस. बाळाबाई कुणालाच हात लावू देत नव्हत्या, सगळं स्वतः वाढत होत्या. वाढून झालं आणि त्या रतनबाईंच्या समोर ओल्या फरशीवर बसल्या. धक्का बसला म्हणून नाही, बसायचं म्हणून. नवी कोरी साडी खाली भिजत होती.

रतनबाईंनी पोळीचा तुकडा तुपात बुडवून लेकीच्या तोंडात घातला. एवढं त्यांना करावंच लागलं. मग त्यांचा हात मांडीवर आला आणि तिथंच राहिला.

पंगत थांबली. लांबपर्यंत सगळ्यांचे हात ताटांवर अधांतरी. गरम पोळीच्या वासानं पोरं कासावीस झाली. एक माशी आमरसावर फेऱ्या घालू लागली आणि तिला हाकलायलाही कुणी हात खाली आणेना.

"अवो रतनबाई," फुलाबाईंनी पुढून आवाज दिला, "तुमचा राग तुमच्यापाशी. आमाला भूक लागलीया."

रतनबाईंनी लेकीखालची शाल नीट केली.

"इहीणबाई," बाळाबाई हळू म्हणाल्या, "तवा म्या बघून बसले न्हाई. आन आता बघून लावली न्हाई. मनात खोट नव्हती. माझं बघणंच कमी हाय." त्या थांबल्या. "तुमी निवडून घेतल्याला काठ म्या आज पयल्यांदा बघितला. खरं सांगते. लई देखणा हाय. आता नळावरनं काढून नेसीन म्या. ट्रंकंत न्हाई घालायची."

पंगतीत चुळबुळ झाली. आहेराची साडी नेसणार, हे या गावात कुणी उघड बोललेलं नव्हतं.

रतनबाईंनी वर पाहिलं. ऊन ऐन भरात होतं. दाट विणीची ती एकच साडी अशी होती की तिच्यातून धग खाली येत नव्हती. बाकी बागेत रंगीत कवडसे नाचत होते आणि कपाळांवर घाम होता, नळाशी मात्र संध्याकाळ झाल्यासारखं होतं. शेजारी लेक सावलीत बसून आमरसाकडं बघत होती.

"सावली बरी पडलीया," रतनबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी पोळीचा घास मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

सगळी पंगत एकदम ताटांवर पडली. नुसता जेवणाचा आवाज. बाळाबाईंच्या डोळ्यांपुढं ताट, धोंडा, विहीण सगळं पाण्यात हलल्यासारखं झालं. बसायचं तर त्या आधीच बसल्या होत्या.

रतनबाईंनी दुसरा घास घेतला. चावला. थांबल्या.

"आमटीत मीठ न्हाई," त्या म्हणाल्या.

बाळाबाई उठल्या आणि मीठ आणायला धावल्या.